दाखला न मागणारं कॉलेज

अमेरिकेत लेकीच्या घराजवळ काळ्या लोकांनी उभारलेलं जुनं कॉलेज आहे. गोऱ्यांच्या शाळा त्यांना दारातूनच परतवायच्या, म्हणून त्यांनी चर्चच्या तळघरात वर्ग भरवले. आता तिथे शिवणापासून नर्सिंगपर्यंत सगळं शिकवतात, तेही कुठल्याही वयाच्या माणसाला. मला शिवण शिकायचं होतं. पण शाळेतच गेले नाही, तर दाखला कुठून आणू? कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे केला, म्हणाल्या, "नुसतं नाव लिहा." लेकीने मराठीत सांगितलं, तरी मला संशयच. अगं बाई, एवढं सोपं कसं असेल? जन्मभर बंद दारं पाहिली की उघडं दारही भिंतीवर रंगवलेलं वाटतं. मी फॉर्म उलटून मागे काही लपवलंय का ते पाहिलं. बाई हसल्या. "माझी आजी इथे आली, तेव्हा तिनेही असाच उलटून पाहिला होता. बघा सावकाश."

मी पेन मागितलं.