कय्यूम मिस्त्रीची मातीची खोली

वडनेर भोलजीत बरेच दिवस कुजबुज होती, की कय्यूम मिस्त्रीनं परसातल्या मातीच्या खोलीत बाई ठेवली आहे. भर दुपारी दार लावून तो तिच्याशी बोलतो, हे म्हणे भिंतीपलीकडच्या सिंधूताईंनी आपल्या कानांनी ऐकलं. गोष्ट तिसऱ्या घरी पोचली तेव्हा बाईच्या पायात पैंजणही आले होते.

कय्यूम गवंडी. बीटीचा कापूस नवा होता, भरभरून पिकत होता, तेव्हा गावानं मातीच्या छताची धाबी धडाधड पाडून स्लॅब टाकले. धाब्याखाली राहणाऱ्या मिस्त्रीला स्लॅबचं काम कोण देणार? म्हणून कय्यूमनं आधी स्वतःचंच धाबं उतरवलं. बायको सरवरी नको नको म्हणत होती. पहिल्याच उन्हाळ्यात घराची भट्टी झाली. मिस्त्री हसून सांगे, आमच्याकडे पापड वाळवायला गच्चीवर जावं लागत नाही.

पुढे सरवरीला दम्यानं धरलं आणि हसणं संपलं. नांदुऱ्याचे डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात हिला गारव्यात ठेवा. कूलरच्या ओल्या हवेनं तिची छाती भरे, आणि लाइट तर दुपारीच जाई. मग कय्यूमनं परसात जुन्या रीतीची खोली काढली. जाड मातीच्या भिंती पौषात उभ्या राहिल्या. छतावर वाळल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांच्या काड्यांचा, दाट थर आणि त्यावर माती, एवढंच उरलं.

नेमकी त्याच साली कापसात गुलाबी बोंडअळी शिरली. बोंडं आतून किडली. गावानं ठरवलं, पऱ्हाटी शेतातच जाळायची, घरी काडीही आणायची नाही. कय्यूमनं छतासाठी परसात रचलेला पऱ्हाटीचा ढीग बघून शेजारचा वैजनाथ आला.

"मिस्त्री, हे पेटवून टाका. यातली अळी माह्या वावरात येईन."

"वैजनाथभाऊ, स्लॅबखाली सरवरीचा उन्हाळा निघत नाही."

"मले समजते. पण अजून एक साल असं गेलं त मी उरत नाही."

कय्यूमनं ढीग स्वतःच्या हातानं पेटवला. छताला आता तुरीच्या काड्या, तुराट्या चालल्या असत्या, पण त्या लोकांनी चुलीसाठी भरून ठेवल्या होत्या. दारोदार मागून त्या पुरेशा होईपर्यंत वैशाख तापला होता.

खोलीत बाई नव्हती. सरवरी वैशाखात स्लॅबखालीच मेली आणि छत त्यानंतर पुरं झालं. कय्यूम रोज दुपारी तिची रिकामी खाट आत टाकून तिच्याशी बोलत असे.