पूजेतल्या मशीनला पाय

मला आधी एक सांगा, माणसानं विश्वास कुणावर ठेवावा? वस्तू बनवणाऱ्यावर, वापरणाऱ्यावर, की विकणाऱ्यावर? चहा येतोय, तोवर विचार करा. मी गल्ल्यावर बसून केस पांढरे केलेला माणूस, माझं उत्तर कायम ठरलेलं. विकणाऱ्यावर! म्हणजे माझ्यावर. या उत्तरापायी यंदाच्या दसऱ्याला भर सभागृहात माझी जी शोभा झाली, ती काय वर्णावी! पण सांगतो. नाहीतरी मलकपेठेतल्या निम्म्या मराठी घरांत ती माझ्याआधीच पोचली आहे. निदान मूळ मालकाकडून तरी ऐका.

अफझलगंजात माझं वाद्यांचं दुकान. हार्मोनियम, तबले, ढोलक आणि अलीकडे गिटार. शिक्षणाचं विचारू नका. इंग्रजी शिकलो खोक्यांवरचं वाचून, तेलुगू गिऱ्हाइकांशी भांडून. उर्दू फुकट मिळाली, ती इथल्या हवेतच आहे. माहितीपुस्तिका म्हणून जे खोक्यात येतं ते मात्र मी परवापरवापर्यंत उघडलेलं नव्हतं. विकणाऱ्यानं वाचायला लागलं तर विकायचं कधी?

माझी मुलगी मृणाल इलेक्ट्रिक गिटार वाजवते. गिटारच्या आवाजासाठी तिच्याकडे एक जुना अॅम्प होता. भरलेल्या गॅस सिलिंडरएवढा जड! दोन जिने चढवला की मी वर आणि माझी कंबर खालीच. म्हणून दुकानात डिजिटल मॉडेलर आला तेव्हा पहिला मी घरी नेला. पाटाएवढी लोखंडी पेटी. वर छोटा पडदा, खाली पायानं दाबायची बटणं, आणि उजवीकडे शिलाई मशीनच्या पायट्यासारखं पुढं-मागं डुलणारं एक पेडल. आत म्हणे जगभरच्या अॅम्पचे आवाज भरलेले. गिटारची वायर पेटीत, पेटीची वायर स्पीकरला. संपलं!

आणि त्याच दिवशी मी जुना अॅम्प विकून टाकला. मृणालला न विचारता. एका कामाला दोन माल घरात अडकवून ठेवीन तर मी व्यापारी कसला?

दोन दिवस ती माझ्यावर धुमसत होती. मग त्या पेटीच्या प्रेमातच पडली. कानाला हेडफोन लावून बसायची. हा अॅम्प, तो स्पीकर, प्रतिध्वनी जरा कमी, धार जरा जास्त... असे आठवडे घालवून तिनं एक आवाज तयार केला. तारेवर बोट पडतं तेव्हा काही ऐकू येत नाही. मग ती पेडल हळूच पुढं दाबते आणि सूर शून्यातून उगवत येतो, सारंगीसारखा. त्यावर तिनं भूपातली एक धून बसवली. आमच्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमासाठी.

आता मंडळाचे अध्यक्ष म्हणजे नानासाहेब. निवृत्त वकील, पण उलटतपासणी अजून निवृत्त झालेली नाही.

"दसऱ्याला गिटार? अहो, सरस्वतीच्या हातात वीणा आहे, वीणा!"

"काका, वीणेला पण ताराच असतात ना?" मृणाल म्हणाली.

नानासाहेबांनी चष्मा पुसला. "बरं. एक धून. सभेला नाही आवडली तर पुढं कधी हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

म्हणजे बघा, पोरीला एकच संधी. आणि तिची सगळी भिस्त त्या पेटीवर.

खंडेनवमीला मी दुकानात पूजा मांडली. तराजू, हातोडी, पाने, सोल्डरिंगची सळई, बिल छापायचं मशीन सगळं ओळीनं. मृणालची पेटीही घरून आणली. उद्या एवढं मोठं काम करायचंय, तिला आशीर्वाद नको? हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नारळ मात्र कुठंही ठेवला की घरंगळायचा. शेवटी पेडलच्या मागच्या टोकावर टेकवला. पेडल मागं झुकलं, नारळ मस्त मांडी घालून बसला. मी म्हटलं, वा! या लोकांनी नारळाची सुद्धा सोय केली आहे.

दसऱ्याला दुपारी आम्ही सभागृहात पोचलो. मृणालनं पेटी जमिनीवर ठेवली, चप्पल काढली आणि पाय उचलला.

"अगं अगं अगं! पाय कुठं लावतेस?"

"बाबा, हे पायानंच वाजवायचं असतं."

"काल पूजेत होतं ते! कुंकू दिसतंय ना?"

"मग पूजेत कशाला ठेवलंत?"

"तुझ्या भल्यासाठी!"

तिनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात तिच्या आईनं तिला साडी नेसवायला आत नेलं. जाता जाता ती म्हणाली, "बाबा, नुसती वायर जोडून ठेवा. बाकी कशाला हात लावू नका. प्लीज."

मी कशाला लावतोय? मी पेटी उचलून टेबलावर ठेवली. पेडलवर कुणाचा चुकून धक्का लागू नये म्हणून पूजेतलं लाल कापड त्यावर घातलं. वायरी जोडल्या, गिटारची तार छेडली.

शांतता.

पुन्हा छेडली. सभागृहातला पंखा ऐकू आला, गिटार नाही.

साउंडवाला यादगिरी मागं त्याच्या मिक्सरपाशी बसला होता. मी ओरडलो, "यादगिरी, आवाज वाढव!"

"सेठ, मेरे पास कुच नै आरा."

"येईल. वाढव तू!"

त्यानं वाढवला. नाही. वायर बदलली. नाही. गिटार बदलली. नाही. प्रत्येक वेळी मी ओरडायचो, "अजून वाढव!" आणि यादगिरी मान हलवत बटण वर सरकवायचा. शेवटी म्हणाला, "सेठ, अब इसके उपर छत है."

मग जमली ना मंडळी! कुणी म्हणे व्होल्टेज कमी आहे, कुणी म्हणे अपडेट मागत असेल. एका गृहस्थांनी तर मशीनला थोडा वेळ उन्हात ठेवायला सांगितलं. पापड समजले की काय, कोण जाणे!

"सेठ, वो लाल कपडे के नीचे क्या है?" यादगिरी लांबून म्हणाला.

"तो पायाचा भाग आहे. त्याचा आवाजाशी काय संबंध?"

हे वाक्य लक्षात ठेवू नका, एवढी दया करा. मलाच ते विसरायचं आहे.

आता माझ्यातला जाणकार जागा झाला. असल्या पेट्या बिघडल्या म्हणून दुकानात परत येतात तेव्हा माझा एक हुकमी इलाज असतो. बंद करायचं, दोन बटणं दाबून धरायची आणि चालू करायचं. मी तसं केलं. पडद्यावर प्रश्न आला. सगळं मूळ स्थितीत न्यायचं का?

मूळ स्थिती! ऐकायलाच किती छान वाटतं! मी "हो" दाबलं. मशीननं पुन्हा विचारलं, नक्की? बिचारं किती नम्र होतं ते. मी पुन्हा "हो" दाबलं.

पट्टी सरकली, पडदा लखलखला, नवीकोरी पेटी! तार छेडली.

शांतता.

तेवढ्यात मृणाल आली. निळी साडी, केसात गजरा. तिनं टेबल पाहिलं, लाल कापड पाहिलं, ते उचललं. मी "पाय..." म्हणेपर्यंत तिनं हातानंच ते कालच्या नारळापासून मागं झुकलेलं पेडल पुढं ढकललं. आणि माझं बोट नेमकं तार छेडत होतं.

काय सांगू तुम्हाला! यादगिरीचा आवाज छताला टेकलेला, आणि पेटीत कारखान्यातून आलेला पहिलाच आवाज. तो बहुतेक राक्षसांच्या वरातीसाठी बनवलेला असावा! एक गर्जना झाली. खिडक्या थरथरल्या. पहिल्या रांगेत नानासाहेब ताटात सोनं म्हणून वाटायची जम्मीची, म्हणजे शमीची, पानं लावत होते. ताट एकीकडे, पानं दुसरीकडे, आणि नानासाहेब मधल्या मध्ये उभे! सोनं वाटायचं कामच राहिलं नाही, सगळ्यांना आपापल्या जागी मिळालं.

"हीच का ती धून?" नानासाहेबांनी विचारलं.

मृणालचं लक्ष नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती. "बाबा, माझा आवाज कुठाय?"

"कुठला?"

"मी बनवलेला. इथं होता."

मी म्हणालो, "सगळं... मूळ स्थितीत आहे."

ती नुसती खुर्चीवर बसली आणि गजऱ्यातलं एक फूल काढून चुरडू लागली. दुसरं आणायचं तर काय आणू? जुना अॅम्प मीच विकलेला!

"राहू दे मग," नानासाहेब म्हणाले. "पुढचं भजन घेऊ."

"नाही काका, थोडा वेळ द्या." ती उठली. पेटी टेबलावरून खाली घेतली, वाकून बसली. एक साधा अॅम्प निवडला, थोडा प्रतिध्वनी घातला. यादगिरीला खूण करून आवाज खाली आणवला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच राहिलंय. बाकी सगळं पायानं करावं लागेल."

"मी दाबतो ना हातानं! तू मान हलव."

करून पाहिलं. तिनं मान हलवली, मी दाबलं. आधी उशिरा, मग एकदम. सूर उगवायच्या ऐवजी उडी मारून आला.

"सेठ, ये गाडी का एक्सलेटर नै है," यादगिरी म्हणाला.

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. वाकली, पेटीला हात लावला, तो छातीशी नेला. वाटेत पुस्तकाला चुकून पाय लागला की आपण करतो ना, तसा नमस्कार. "आता चालेल?"

मी लाल कापडाची घडी केली आणि खिशात घातली. दुसरं काय करणार?

आणि वाजवलं हो तिनं! सूर खरंच शून्यातून आला. कानात येण्याआधी अंगावर आला. ओळ संपली, सूर लांबत राहिला, की ती मोकळा हात छातीशी नेऊन हळूच नमस्कार करायची. पाय लागला, नमस्कार. पाय लागला, नमस्कार. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून! मला चिडवत होती कार्टी. लोकांना ते काय ठाऊक?

धून संपली. नानासाहेब चष्मा पुसत आले. "कोजागिरीलाही वाजव बाळ," तिला म्हणाले, आणि माझा हात धरला. "प्रत्येक सुराला नमस्कार! काय संस्कार दिलेत हो पोरीला!"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "घरचंच आहे."

मागून मृणाल म्हणाली, "हो काका. बाबांनी मला अगदी मूळ स्थितीपासून शिकवलं."

आणि आता पुढची गंमत ऐका. परवा जामबागच्या कॉलेजातली, दसऱ्याला सभागृहात हजर असलेली दोन मुलं दुकानात आली. तीच पेटी पाहिजे म्हणाली. मी नेहमीप्रमाणे तारीफ सुरू केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एकानं विचारलं, "अंकल, ते दर वेळी नमस्कार करायचा असतो ना, तो कंपल्सरी आहे? की सेटिंगमधून बंद करता येतो?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा खोक्यातली पुस्तिका उघडली. हो, लिहिलेलं असलं तर!

हसा, हसा. चहा गार होतोय. फक्त एक विनंती आहे. हे तुम्ही पुढं सांगणारच, तेव्हा हिशेब चोख ठेवा. सूर मृणालचा, कान यादगिरीचा, मोठेपणा नानासाहेबांचा, आणि ते संस्कार बिंस्कार म्हणतात तेही तिच्या आईच्या खात्यात टाका. माझ्या नावावर दोनदा दाबलेलं "हो" तेवढं लिहा. एकदाच दाबलं असं लिहून मला सूट देऊ नका.