दोघांनी ऐकलेले पक्षी

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. बिबवेवाडीजवळच्या टेकडीच्या पायथ्याशी, आंब्यावरील बांडगुळात फुलटोच्या बोलत होता. पक्षी अंगठ्याएवढा आणि आवाज सुईसारखा बारीक: चिक, चिक, चिक.

पक्षिमोजणीची स्पर्धा होती. जोडीने उतरायचे आणि सूर्यास्तापर्यंत जास्तीत जास्त जाती नोंदवायच्या. जोडीतील दोघांनीही पाहिलेला किंवा ऐकलेला पक्षीच धरायचा, हा नियम. गेल्या वर्षी माझा क्रमांक थोडक्यात हुकला होता. म्हणून यंदा मला ठाऊक असलेले सर्वांत तयार कान मी सोबत घेतले होते: बाबांचे.

ते निवृत्त शिक्षक. चहाचा थर्मास घेऊन टेकडीवर बसायचे आणि जो पक्षी येईल त्याचे ऐकायचे, एवढाच त्यांचा छंद. "मोजायचेच असतील तर कोंबड्या पाळ," असे ते मला म्हणत. स्पर्धेला आले ते केवळ माझ्या हट्टापायी.

"बाबा, फुलटोच्या."

"कुठे?"

"ऐका ना. डोक्यावरच आहे."

त्यांनी मान कलती करून डोळे मिटले. मला लहानपणी असेच ऐकायला शिकवले होते त्यांनी. फुलटोच्या बोलतच होता.

"नाही गं. दोन वर्षं झाली, गेला तो इथून. तुला सांगितलं होतं मी."

सांगितले होते. फुलटोच्या गेला, चष्मेवाले गेले, शिंजीर कमी झाले. नव्या इमारती आणि तुटलेली झाडे हे कारण मला इतके पटले होते की पडताळून पाहण्याची गरजच वाटली नाही. वय वाढते तसे उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, हे तर मी परीक्षेत लिहिले होते.

पक्षी कुठेही गेले नव्हते.

"खार असेल," मी म्हणाले.

"वा, शास्त्रज्ञबाई. खार आणि फुलटोच्या यांतला फरक पाचवीत शिकवला होता तुला."

मी हसण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात तो पक्षी बांडगुळातून निघून समोरच्या उघड्या फांदीवर येऊन बसला. बाबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

"चोच हलतेय त्याची," ते म्हणाले.

मी नोंदवही उघडली.

"तुला येतोय आवाज?"

"हो."

"आत्तासुद्धा?"

"हो, बाबा."

त्यांनी दुर्बिणीची काच सदऱ्याच्या टोकाने पुसली. काच स्वच्छच होती.

"पाहिलेला चालतो ना तुमच्या नियमात? मग लिही. आणि घरी जाऊ या."

पुढे नदीकाठ होता, पाणपक्षी होते, अख्खा दिवस होता. आम्ही घराकडे वळलो. निघण्यापूर्वी मी त्या दिवसाची शेवटची नोंद केली: फुलटोच्या, १.