लॉग बगावा लागंल

भोरच्या एका कचेरीत वेबसाइट सांभाळणारे एक विद्वान कारकून आहेत. त्यांच्या वेबसाइटवर ‘हिर्डोशी’ शोधलं की ‘असे गाव नाही’ असं उत्तर येतं. मी तिथलीच, म्हणून महिनाभर खेटे घातले. दर वेळी चष्मा कपाळावर चढवून ते म्हणत, “लॉग बगावा लागंल, म्याडम.”

लॉग म्हणजे कोणी काय शोधलं याची सर्व्हरवरची नोंद. सेटिंग यांनीच केलेलं. ती फाइल कुठं साठते, तेवढंच यांना ठाऊक नाही.

काल मात्र मला पाहताच चष्मा नाकावर आला. “सापडला बगा लॉग! परवा तुमच्या लॉगिनवरनं शोधलंय, ‘कारकुनाची तक्रार कुठे करावी’. हितंच करायची, म्याडम. माज्याकडं.”

“आणि हिर्डोशी?”

चष्मा पुन्हा कपाळावर गेला.