शहाड लांब पडतं म्हणे!

मंडळी, डोकं अजून सुन्न आहे, तरी लिहिते.

आज वागळे इस्टेटला आमच्या ऑफिसात सर्व्हर सपोर्टचे इंटरव्ह्यू होते. शहाडची एक मुलगी आलेली, मीच फोन करून बोलावलेली. आम्ही मुद्दाम बंद पाडलेला सर्व्हर तिने बोलता बोलता चालू करून दाखवला. मी तर मनात तिची खुर्चीही ठरवून टाकली.

ती गेल्यावर आमच्या मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "हुशार आहे गं, पण शहाड लांब पडतं. रात्रपाळीला मुलगी म्हटली की घरापर्यंत गाडी, सोबत गार्ड. त्यापेक्षा मघाचा तो विठ्ठलवाडीचा मुलगा घेऊ. येईल बाईकने."

विठ्ठलवाडी तरी कुठे जवळ? शहाडइतकीच लांब! आम्हा बायकांना ती गाडी मिळावी म्हणून मॅनेजमेंटशी भांडलेल्या ह्याच मॅडम! त्याच गाडीने मी डोंबिवलीला सुखरूप घरी पोचते.

"मॅडम, गाडी मागितलेली ती मुलींना कामावर येता यावं म्हणूनच ना?"

"अगं, वरती खर्चाचं उत्तर मला द्यावं लागतं," म्हणाल्या नि पुढच्याला आत बोलावलं.

आत्ता तिचा मेसेज आलाय, "ताई, सिलेक्शन नाही झालं कळलं. माझं नेमकं काय चुकलं?"

मघापासून टाईप करतेय, पुसतेय. तुम्हीच सांगा, काय लिहू तिला?