माझ्या नावाला दुसरीच 'हजर' म्हणाली

तुमचं नाव पुकारलं जातंय, तुम्ही खिडकीबाहेर उभे आहात आणि आतून दुसरंच कुणीतरी 'हजर' म्हणतंय, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय?

माझ्या बाबतीत झालंय. पाचवीत असताना. अंबड तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा. आदल्या दिवशी हेडसर वर्गात आले. "गायरानातल्या पोरांनो, उद्या येऊ नका. दिल्लीची परीक्षा हाय. शाळेचं नाक कापाल." केंद्र सरकारची पाहणी होती ती. कुठल्या भागातल्या पोरांना काय येतं ते बघायचं आणि त्यावर धोरण ठरवायचं. आम्ही गायरानावर झोपडी टाकून राहणारे. मला वाचता येत नव्हतं.

सकाळी आईनं मला घरात बघितलं. "शाळा चालू अन् तू घरी? चल, नीघ." गेले. दार लावलेलं. खिडकीशी उभी राहिले. बाहेरून आलेले साहेब यादी वाचत होते. माझं नाव आलं. माझ्या जागेवरून सरपंचाची सहावीतली मुलगी म्हणाली, "हजर."

मीही बाहेरून ओरडले, "हजर!"

वर्ग हसला. हेडसर आले. दंडाला धरून मला फाटकाबाहेर काढलं. "वाचता येईना अन् हजर म्हणती! तुझ्यापेक्षा तुझं नाव हुशार हाय. पळ."

साहेबांनी मान वर केली नाही.

त्या पेपरात मी हुशार निघाले. इथली पोरं वाचतात, असा कागद दिल्लीला गेला. वाचनात मागं पडलेल्यांसाठी एक बाई येणार होत्या. त्या आल्याच नाहीत. गरज न्हाई म्हणे. आठवीपर्यंत मी अक्षरं जुळवत राहिले. आजही कुणी हजेरी घेतली की वाटतं, आता ती बोलेल.

यंदा मी डी.एड.ला आहे. त्याच पाहणीचा पेपर घ्यायला मला जाफराबादकडच्या एका शाळेत पाठवलं. हजेरी घेतली. सगळे हजर. बाहेर हापशापाशी मात्र एक मुलगी. पाठीला दप्तर.

"नाव काय गं तुझं?"

"आत हाय ना." तिनं खिडकीकडं बोट केलं. "ती बसली की माझ्या नावानं."

तिथले हेडसर चहा घेऊन मागं आले. "मॅडम, तुम्ही इकडच्याच. समजून घ्या. सगळीकडं असंच करून राह्यलेत. निकाल खाली आला तर नोटीस मला येती, दिल्लीला न्हाई."

"न्हाई सर. बसवा तिला."

तिच्या जागेवरची उठली. ही बसली. एक ओळ वाचता येईना. रडली. मी शेजारी बसून राहिले. शेवटी तिचा कोरा पेपर तसाच पाकिटात घातला, वर सही केली. हेडसरांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे. पुढं मला बोलावतील, न बोलावतील. पण आमचं खोटं हुशारपण माझ्या सहीनं दिल्लीला जाणार नाही.

ही परीक्षा तुमच्या गावातही येईल. त्या सकाळी शाळेच्या फाटकाशी जा. बाहेर एखादं मूल दिसलं तर त्याला नाव विचारा. मग त्याचा हात धरा आणि त्या नावाच्या जागेवर नेऊन बसवा.