मच्छिंद्र आचाऱ्याची भट्टी

केदारखेड्यात कुजबुज होती की मच्छिंद्र आचारी गॅसची भट्टी पेटवण्याआधी विधवा सुनेच्या कानाशी लागतो. त्यात मीठमसाला घालायला बायका होत्याच.

कढई मात्र त्याची देखणी. जेवणावळ उठली की स्वतः राखेने घासायचा, उन्हात वाळवायचा, तेलाचा हात फिरवून पालथी घालायचा. पण भट्टीला सून दैवशालाच लागायची.

परवा एका तेरवीला जयवंताबाईने सगळ्यांदेखत टोचलंच, "मच्छिंद्रभाऊ, सुनेला काय मंत्र देऊन राह्यले? आम्हालाबी ऐकू द्या की."

दैवशालाचं तोंड उतरलं. "मामा, उद्यापासून मी येत न्हाई," ती म्हणाली.

मच्छिंद्रने हातातली काडीपेटी खाली ठेवली. सून गेली की धंदा गेला, आणि खरं सांगितलं तरी धंदा गेला.

"मंग ऐकाच," तो म्हणाला.

आजारपणात त्याचं नाक गेलं होतं, कसलाच वास येत नव्हता. नाक गेलेल्या आचाऱ्याला कोण बोलावणार, म्हणून त्याने ते लपवलं. भट्टीची नळी गळत होती, त्याला वास आला नाही, त्याने काडी ओढली आणि बायको सगुणा जळून मेली. तेव्हापासून तो सुनेला हळूच विचारायचा, गॅसचा वास येतो का.